माझ्या दगडावर काय लिहायचं?

शेतकरी मेला की त्याच्याबद्दलचं पहिलं लिखाण तलाठी करतो. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण तोंडात तलाठीच येतं.) वारसाचा फेरफार पडतो, सातबाऱ्यावरच्या नावाला कंस होतो, खाली वारसांची नावं चढतात. नव्या संगणकी सातबाऱ्यात तर कंस करून त्यावर आडवी रेघही मारतात. फिटलेल्या कर्जाच्या बोजालाही तसाच कंस आणि तशीच रेघ. त्यामुळं आमच्या सातबाऱ्यावर अप्पा आणि अप्पांचं सोसायटीचं कर्ज, दोन्ही एकाच पद्धतीनं संपलेले दिसतात.

दुसरं लिखाण घरच्यांनी करायचं असतं. दगडावर.

मित्रांनो, या पानावर आपण चक्रीभुंगा, बीजप्रक्रिया, वापसा असलं बोलत असतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेताच्या बाहेरचा नाही. माझ्या समाधीच्या दगडावर काय लिहायचं ते मी ठरवतोय. लगेच फोन करू नका, तब्येत बरी आहे. दोन वर्षांमागं स्टेंट बसला, गोळ्या चालू आहेत, यंदाची पेरणी माझ्याच हातची आहे. पण मुलगा पुण्यात, त्याला सुट्टी चार दिवसांची. त्या चार दिवसांत घाईघाईनं फ्लेक्सवाल्याला विचारून काहीतरी लिहिलं जाण्यापेक्षा आपणच ठरवून ठेवलेलं बरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, तेही बसवून. मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. गावाला रुद्रभूमी आहे, पण औसा-निलंगा भागात ज्याला स्वतःचं शेत आहे त्याची समाधी बहुतेक शेतातच असते, बांधाच्या कडेला. तुम्ही लातूरकडून येताना रस्त्याच्या बाजूला तुरीत मधेच एखादा ओटा, त्यावर छोटं लिंग किंवा नंदी बघितला असेल. ती कुणाच्या तरी बापाची किंवा आज्याची जागा असते.

आमच्या अप्पांची समाधी माझ्या आणि अण्णांच्या वाटणीच्या बांधावर आहे. याचा एक फायदा कुणी सांगत नाही. गावात सगळीकडं बांध कोरून कोरून पायवाटेएवढे राहिलेत, सख्ख्या भावांत मोजणी आणावी लागली. आमचा बांध मात्र अप्पांच्या दोन्ही अंगाला होता तसाच आहे. बापाच्या अंगावर नांगर घालायची हिंमत ना अण्णांना झाली, ना मला.

ओटा सहा फूट बाय सहा फूट. ट्रॅक्टरवाला चहूबाजूंनी तीन-तीन फूट सोडतो, म्हणजे बारा बाय बारा, 144 चौरस फूट. गुंठ्याचा सातवा-आठवा हिस्सा. 45 बाय 5 सेंटिमीटरवर सोयाबीन धरलं तर सहाशेच्या आसपास झाडं. एकरी 8 क्विंटल उतारा पकडला तर अडीच किलो सोयाबीन. अप्पा दर हंगामाला अडीच किलो घेतात. जिवंतपणी यापेक्षा जास्त त्यांनी कधी स्वतःसाठी मागितलं नाही, त्यामुळं हा हिशोब मला जड वाटत नाही. पण मी नसताना जो कुणी हे रान करील त्याला माझे अडीच किलो का सोडायचे, हे कळायला पाहिजे. माझ्या डोक्यात दगडाचा विचार इथून सुरू झाला.

अप्पांचा दगड कललाय. दरवर्षी थोडा कलतो. आपल्या काळ्या भारी जमिनीत हे होणारच. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगांत मनगटापर्यंत हात जातो. या हलत्या मातीवर वरवर ठेवलेलं काही सरळ राहत नाही, मग ते लाइटचं पोल असो की बापाचा दगड. सरळ ठेवायचा तर मुरमापर्यंत खणून, ती काळी माती बाहेर काढून, मुरूम भरून, पाणी मारून ठोकून पाया करावा लागतो. ज्यांना शेतात गोठा किंवा मोटारीची खोली बांधायची आहे त्यांनीही हे लक्षात ठेवावं, भिंतीला चीर जायची ती यामुळंच.

म्हणून एका दगडवाल्याला बोलावलं. त्यानं अप्पांचा दगड बघितला, माझ्याकडं बघितलं आणि सरळ म्हणाला, “काका, तुमचाबी संगंच घ्या की. गाडीभाडं एकच पडतंय.” आमच्या मंडळींनी चहाची कपबशी जरा आपटूनच ठेवली. पण मला त्याचं बोलणं पटलं. खत आपण सीझनच्या आधी घेऊन ठेवतोच की.

ग्रॅनाईट घ्यायचा की आपला काळा दगड, हा प्रश्न लवकर सुटला. काळा दगड. ग्रॅनाईटवर मशीननं अक्षरं खोदून सोनेरी रंग भरतात, तो रंग चार उन्हाळ्यांत उडतो आणि मग उन्हात त्या गुळगुळीत दगडावरचं काही वाचता येत नाही. छन्नीनं खोल कोरलेलं अक्षर सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावलीनंच वाचता येतं, रंगाची गरज नाही. पण छन्नीवाला अक्षरामागं पैसे घेतो, आणि जोडाक्षराला दीडपट सांगतो. हा भाव त्याचा, खरा किती ते त्यालाच ठाऊक. तरी यामुळं एक चांगलं झालं. ‘कृतार्थ’, ‘कर्तृत्ववान’, ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ असले शब्द आपोआप महाग पडले.

मग घरात चर्चा. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, क्यूआर कोड लावू. स्कॅन केला की तुमचं पेज उघडेल, सगळ्या नोंदी वाचता येतील.” कल्पना वाईट नाही. पण गेल्या पाच वर्षांत माझे दोन फोन आणि तीन पासवर्ड गेले. दगड टिकेल आणि लिंक मरेल. मग शेतात एक चौकोनी कोडं तेवढं उभं राहील. लेक म्हणाली, “प्रगतशील शेतकरी लिहा.” ते नको. ‘प्रगतशील’ हा शब्द मी इतक्या बॅनरवर वाचलाय की त्याचा अर्थ ‘स्टेजवर बसलेला’ असा झालाय. अण्णांचं म्हणणं तिसरंच. ते म्हणाले, “आपल्यात ऐक्य आहे, मरण नाही. मग मेल्याची तारीख कशाला कोरायची? नुसता दगड ठेव.”

अण्णांचं बोलणं मी बरेच दिवस घोळवलं. नुसत्या दगडाची परंपरा आपल्याकडं मोठी आहे. वीरगळ बघा. कितीतरी गावांत मारुतीच्या पाराजवळ किंवा वेशीत उभा केलेला असतो, लोक शेंदूर लावतात. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, त्याच्या वर तो महादेवाची पूजा करतोय, माथ्यावर कलश. आपल्या मुलखातल्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षर नसतं. पण काहींवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गावाची जनावरं हाकून नेणाऱ्यांशी लढताना हा पडला. नाव गेलं, गाव कदाचित बदललं, पण कशासाठी मेला ते शेकडो वर्षांनी जनावरं राखणाऱ्या पोराला बघताक्षणी कळतं. जुन्या दानाच्या शिळांवरही माथ्याला चंद्र-सूर्य असतात आणि खाली जमीन कुणी कुणाला दिली ते. म्हणजे शेतशिवारातला दगड पूर्वी कामाचं बोलायचा. गुणगान कमी, माहिती जास्त.

आता तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचलं असणार. 1981 पासून ते पुस्तक आपल्याकडं घरोघर फिरतंय, कृषी पदविकेच्या पोरांच्या हातात तर हमखास. कापसानं चोथा झालेल्या जमिनीत शेंगा घ्यायला लावणारा माणूस. कार्व्हर 1943 साली गेले, अमेरिकेत टस्कीगीच्या संस्थेच्या आवारातच त्यांना पुरलं. त्यांच्या दगडावर लिहिलंय त्याचा मतलब असा की नावाच्या जोडीला पैसाही मिळवता आला असता, पण त्यांना दोन्हींची फिकीर नव्हती, जगाच्या उपयोगी पडण्यात त्यांनी सुख आणि मान मानला. शब्द खरे आहेत, त्या माणसाला शोभतात. तरी मला वाटतं की ज्या जमिनीसाठी आयुष्य घातलं तिचा त्या ओळींत एक शब्द नाही. शेंगदाणा नाही, कापूस नाही. हे वाचून जग वाकून नमस्कार करील, पण शेजारच्या रानात कुळव धरून उभा असलेला माणूस काय घेऊन जाईल? आणि मी काही कार्व्हर नाही. माझ्या दगडाजवळ शाळेच्या सहली येणार नाहीत. तिथं येणार ट्रॅक्टरवाला, तण काढणाऱ्या बाया, बटईदार, आणि मुलानं उद्या विकलंच तर नवा मालक. वाचणारे हेच.

विकण्याचं मी उगाच लिहीत नाही. मुलगा परत येणार नाही हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. आम्ही दोघं त्यावर बोलत नाही, एवढंच. मी गेल्यावर चार-दोन वर्षं बटईनं देईल, मग कुणीतरी चांगला भाव सांगेल. त्याला मी दोष देत नाही. पण मग ज्याच्या हातात हे रान जाईल त्याच्याशी बोलायला माझ्याकडं फक्त हा दगड राहतो.

आणि त्याला सांगण्यासारखी गोष्ट मला अप्पा गेले त्या दिवशी कळलेली आहे.

समाधीचा खड्डा खोल लागतो, बसलेला माणूस आणि वर माती. गावातल्या चौघांनी पहाटेच खणायला घेतलं. मी बाजूला उभा होतो. काही सुचत नव्हतं, म्हणून मातीकडं बघत होतो. वरची दीड फूट काळी, ढेकळं मोडणारी, तुरीच्या मुळ्या भरलेली. त्याखाली तीच माती पण चिकट, फावड्याला तुकतुकीत काप पडणारी, शेवग्याच्या शेंगेसारख्या चकाकत्या बाजू असलेली. अडीच फुटांपासून पांढरे चुनखडीचे खडे, आधी ज्वारीएवढे, मग हरभऱ्याएवढे. साडेचार फुटांवर पहार खणकन वाजली, मुरूम लागला. पुढचं दीड फूट त्यांनी घाम गाळून फोडलं. तीस वर्षं मी ते रान कसलं होतं, पण त्याचा उभा छेद मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. अप्पांना त्यात बसवलं, विभूती, बेलाची पानं, मीठ. स्वामी मंत्र म्हणत होते आणि माझ्या डोक्यात मधेच येऊन गेलं की अप्पा आता चुनखडीच्या थरात आहेत. बापाला माती देताना असला विचार यावा का, असं कुणी विचारील. आला खरा.

पुढं अव्वाच्या वेळी तिची जागा अप्पांच्या शेजारीच, तिथंही तेच थर. आणि मग मी बाकीच्या रानात जागोजाग खणून बघितलं. पश्चिमेच्या अंगाला सव्वा फुटावरच मुरूम. पूर्वी कधीतरी सपाटीकरणात तिथली वरची माती ओढली गेलेली, चुनखडी जवळजवळ वर आलेली. त्याच पट्ट्यात सोयाबीन दरवर्षी पिवळं पडायचं आणि सगळे मोझॅक मोझॅक म्हणून फवारत बसायचे. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं की आधी लोहाची कमतरता बघा. कृषी सहायकांनी त्या मातीवर आम्लाचे दोन थेंब टाकले तर फेस आला. चुनखडीच्या जमिनीत लोह असून पिकाला मिळत नाही. फेरस सल्फेट 10 लिटरला 50 ग्रॅम फवारलं, आठ दिवसांत हिरवा रंग फिरला. तेव्हापासून पश्चिमेला मी कमी दिवसांचं वाण घेतो, तूर पूर्वेला. पावसानं पंधरा दिवस ताण दिला की आजही आमचं शेत मधोमध रेघ मारल्यासारखं दोन रंगांचं दिसतं.

हे सगळं सातबाऱ्यावर नाही. मृद आरोग्य पत्रिकेवर पीएच असतो, नत्र-स्फुरद-पालाश असतं, पण खाली किती फुटांवर काय आहे ते कुठंच नाही. ते मेलेल्या माणसांमुळं आम्हाला कळलंय.

दुसरी माहिती विहिरीची. 1972 ला अप्पांनी त्या विहिरीवर गावाला पाणी भरू दिलं होतं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाही मोटार रोज अर्धा तास चालायची. ही गोष्ट मी एका कृषी महाविद्यालयातल्या सरांना सांगितली, तर त्यांनी मला युरोपातल्या दुष्काळाच्या दगडांबद्दल सांगितलं. झेक देशात देचिन गावी एल्बे नदीच्या पात्रात एक दगड आहे, नदी अगदी आटली तरच उघडा पडतो. त्यावर दुष्काळाची सालं कोरलीत, वाचता येणारं सगळ्यात जुनं 1616 चं. आणि मला बघशील तर रडशील, अशा अर्थाची ओळ. 2018 ला आणि 2022 ला तो उघडा पडला होता. मला त्यातलं रडणं तितकं नाही, सालं आवडली. नुसते आकडे. पुढच्या माणसानं आपल्या वर्षाशी ताडून बघावेत.

पण विहिरीबद्दल कोरताना हात आखडतो. जमिनीची खोली माझ्यामागं पन्नास वर्षं तरी तीच राहील. विहिरीचं तसं नाही. आमच्या शिवारात आता बोअर सातशे-आठशे फूट जायला लागलेत. ‘ही विहीर आटत नाही’ असं मी दगडावर लिहिलं आणि पुढच्या दुष्काळात ती आटली, तर नवा मालक माझ्या समाधीकडं बघून काय म्हणेल? पोस्ट एडिट करता येते, दगड करता येत नाही. म्हणून ‘आटत नाही’ हा शब्द काढला, ‘1972 आणि 2016 ला पाणी होतं’ एवढंच ठेवलं. ते कुणी खोटं पाडू शकत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट अधेमधे येत राहिली ती अव्वाची. अप्पांना दगड आहे, तिला नुसता मातीचा उंचवटा. त्या काळी बायकांच्या समाधीवर लिहायची आमच्या गावात पद्धतच नव्हती. सातबाऱ्यावरही तिचं नाव अप्पा गेल्यावर वारस म्हणून चढलं, अकरा वर्षं राहिलं, मग कंसात गेलं. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी शरद जोशींचं ऐकून ज्यांनी जिवंतपणीच बायकोच्या नावानं जमीन केली, तसे आमच्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच. अप्पांचा दगड नव्यानं बसवायचाच आहे तर त्यावर दोघांची नावं कोरू, असं मी अण्णांना म्हणालो. ते लगेच हो म्हणाले. मग अडचण वेगळीच निघाली, नाव कोणतं? सातबाऱ्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, माहेरी हाक मारायचे ते तिसरंच. लग्नात बदललेलं, तलाठ्यानं ऐकून लिहिलेलं आणि आईबापांनी ठेवलेलं. माहेरची एक म्हातारी मावशी आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, “तिला कोन नावानं हाक मारत व्हतं रं? समदे अव्वाच म्हनायचे.” अण्णा आणि मी दोघांनी ठरवलं, माहेरचं नाव आणि पुढं ‘अव्वा’. जोडाक्षर एक येतं. येऊ दे.

आमच्या मंडळींना मी विचारलं, तुझ्यासाठी काय लिहायचं? त्या म्हणाल्या, “माझं मी बघते. तुमचं आधी उरका.” त्यावर मी पुढं काही बोललो नाही. सातबाऱ्यावर मात्र त्यांचं नाव सहहिस्सेदार म्हणून आत्ताच चढवून घेतलंय. कंसाच्या आधी.

तर आत्तापर्यंत ठरलेला मजकूर असा. वर नाव, गाव. त्याखाली:

पूर्वेला मुरूम साडेचार फुटांवर.
पश्चिमेला सव्वा फुटावर, चुनखडी.
विहिरीला 1972 आणि 2016 ला पाणी होतं.

यात आधी चौथी ओळ होती, ‘पश्चिमेला ऊस लावू नका.’ ती मंडळींनी काढायला लावली. म्हणाल्या, “मेल्यावर तरी लोकांना सांगायचं बंद करा. ज्याचं रान तो बघंल.” बरोबर आहे. सव्वा फूट वाचून ज्याला कळायचं त्याला कळेल. अण्णा म्हणतात, समाधी आहे का बोअरवाल्याची पाटी? कृषी सहायकांचं म्हणणं, ‘फूट’ सोबत सेंटिमीटरही द्या. त्यांना मी अक्षराचा भाव सांगितला.

दिशा कोरायच्या तर दगडाचं तोंड नेमकं उत्तरेला हवं, नाहीतर वाचणारा उजवं-डावं धरून घोटाळा करील. मोबाईलच्या होकायंत्रावर भरवसा न ठेवता सकाळी-संध्याकाळी काठीची सावली मोजून खुणा करणार आहे. तुमच्याकडं कुणी शेतातल्या दगडावर असं काही लिहिलं असेल, जुनं असो की नवं, तर फोटो टाका.

पाया सोयाबीन निघाल्यावर, हरभऱ्याच्या आधी खणायचा. दोन्ही खड्डे मुरमापर्यंत जातील. छेद ताजा असतानाच टेप लावून, दर अर्ध्या फुटाला खूण करून फोटो टाकतो.